कव्हरवरची बाई

"हा मी नाही," रणजित म्हणाला आणि कव्हर त्याने टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

सबनीस आधी त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. अंधेरीतल्या त्या छोट्या रेकॉर्ड कंपनीचे ते मालक होते, आणि हा डमी, म्हणजे कव्हरचा हाताने केलेला नमुना, त्यांना इतका आवडला होता की सकाळपासून त्यांनी तो सगळ्या ऑफिसला दाखवला होता.

मलाही तो आवडला होता, कारण तो मीच केला होता. जाड पुठ्ठ्यावर लग्नाच्या बँडवाल्याचा लाल कोट, सोनेरी दोऱ्या, पितळी बटणं. बटणांच्या मधोमध मी बारीक छिद्रांची रेघ घेतली होती. अल्बम विकत घेणाऱ्याने त्या रेघेवरून कोट दोन्ही हातांनी फाडायचा. आत काळा गॉगल लावलेला, उघड्या छातीचा रणजित, आणि त्याच्या छातीच्या जागी सीडी.

"स्टेजवर तू हेच करतोस ना?" सबनीस म्हणाले. "कोट फाडतोस, पोरं वेडी होतात. शलाकाने तेच हातात दिलंय लोकांच्या."

"मी फाडतो ते माझं मी फाडतो. आबांचा कोट दुकानातल्या कुणीपण फाडायचा?"

"प्रतीक आहे रे ते."

"प्रतीक न्हाई, कोट आहे तो."

रणजित जावीर तेव्हा तिशीचा होता. जत तालुक्यातल्या एका गावातल्या बँडमास्तरचा, म्हणजे या आबांचा, मुलगा. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. वरातीत वाजणारी ट्रम्पेट आणि ताशा त्याने इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी आणून उभे केले होते आणि त्यावर तो स्वतःची गाणी गायचा, बोलल्यासारखी, दात आवळून. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत त्याचं नाव झालं होतं. पेपरवाले त्याला 'वरातीतला बंडखोर' म्हणायचे. अल्बमचं नावही 'वरात' ठरलं होतं. एका गोष्टीची किंमत मात्र त्याला घरी द्यावी लागली होती. कोट फाडतानाचा व्हिडिओ गावात पोचल्यापासून त्याचे वडील त्याच्याशी बोलत नव्हते.

"मग काय टाकायचं कव्हरवर?" सबनीसांनी विचारलं.

"माझी आई."

"दाखव फोटो."

"माझ्याकडं न्हाई. आई गेली तवा मी सहा वर्षांचा होतो. तिचा एकच फोटो आहे, तोबी दुसऱ्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये. वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायची ती."

सबनीस खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, ते हसतील. पण ते म्हणाले, "सोमवारी छपाईला द्यायचंय. तोवर फोटो आला तर बघू. नाही आला तर हा कोट जाईल. करारात कव्हरचा शेवटचा शब्द माझा आहे, हे लक्षात ठेव."

त्या फोटोचा दर्जा बघायला आणि लागलाच तर तिथल्या तिथे नीट फोटो काढून आणायला म्हणून मी रणजितबरोबर गेले. माझ्या लेखी हे कामच होतं. रात्रभराच्या बसने सांगलीला, तिथून जीपने पुढे.  वाटेत एवढंच कळलं की तो अल्बम ज्या घरात होता तिथे त्याची आत्या धुणंभांडी करायची, तिने एकदा अल्बम पुसताना वहिनीला ओळखलं, आणि मरण्याआधी ते भाच्याला सांगून गेली. गावाच्या वेशीवर तो म्हणाला, "ताई, बोलायचं तुम्हीच. फोटो पाहिजे, एवढंच."

संपतरावांचा बंगला गावात सगळ्यांत उंच होता. पुढे ट्रॅक्टर, ग्रिलची गॅलरी, फरशी इतकी गुळगुळीत की चप्पल काढल्यावर पाय सटकत होता. संपतराव झोपाळ्यावर बसले होते. पन्नाशीच्या पुढचे, पांढरे स्वच्छ कपडे. मला खुर्ची मिळाली. रणजितला कुणी बस म्हणालं नाही. तो पायरीवर टेकला.

"धोंडीरामचं पोरगं ना तू? बघतो की तुला मोबाईलवर. बापानं ज्या कोटावर पोट भरलं तो फाडतोस होय?"

 मी माझी ओळख सांगितली, कव्हरची गोष्ट सांगितली, आणि त्यांच्या लग्नाचा अल्बम बघायला मिळेल का, असं विचारलं. तेवढ्यात संपतरावांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या. शालनबाई. बारीक अंगाच्या, डोक्यावरून पदर. मला कपात चहा दिला, रणजितला स्टीलच्या पेल्यात.

"आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ह्याची आई कशी आसंल?" संपतराव म्हणाले.

"वरातीत बत्ती होती तिच्या डोक्यावर," रणजित म्हणाला.

"न्हवती."

"आत्यानं बघितलंय, आण्णा."

"तुझी आत्या गेली. तिचं सोड. तुझी आई त्या दिवशी आमच्या वरातीत न्हवतीच. ती घरात स्टो भडकून गेली. सगळ्या गावाला ठावं हाय. बापाला विचार जा."

'त्या दिवशी' हे शब्द माझ्या कानात अडकले. आई वरातीच्या दिवशीच गेली, हे मला रणजितने सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पेला खाली ठेवला होता.

"आबांना मागंच विचारलं. तेबी स्टोच म्हणतेत," तो म्हणाला. "मग अल्बम दाखवायला काय झालं? ती नसली फोटोत तर नसंल. मी उठून जातो."

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली. संपतरावांनी पाय खाली टेकवले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आपण इथे कव्हरसाठी आलेलो नाही, निदान रणजित तरी नाही, हे मला तेव्हा कळलं.

"बाई," संपतराव मला म्हणाले, "तुमी चहा घ्या आणि निघा. तुमाला ह्यात पडायचं कारण न्हाई."

शालनबाई ट्रे घेऊन आत गेल्या. आता निघावंच, असं मनात येत होतं, तोच त्या परत आल्या. हातात मखमली पुठ्ठ्याचा जाडजूड अल्बम होता.

"शालन, आत जा."

त्या आत गेल्या नाहीत. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. बसण्याआधी त्या जरा अडखळल्या, नवऱ्यासमोर आणि परक्यांसमोर खुर्चीत बसायची सवय नसावी. मग त्यांनी अल्बम मांडीवर घेतला आणि उघडला. पानं चाळावी लागली नाहीत. तो फोटो कुठे आहे हे त्यांच्या बोटांना माहीत होतं.

रंग पिवळसर झालेले होते. मधोमध उघडी जीप, त्यात मुंडावळ्या बांधलेले तरुण संपतराव, कॅमेऱ्याकडे बघणारे, आणि शेजारी नवरी. पुढे बँडच्या लाल कोटांच्या पाठी. आणि फोटोच्या अगदी उजव्या कडेला एक बाई, डोक्यावर पेटती गॅसबत्ती, एका हाताने ती सावरलेली. बत्तीच्या उजेडाने तिचा अर्धा चेहरा पांढरा पडला होता, पण उरलेला अर्धा स्वच्छ दिसत होता. बावीस-तेवीस वर्षांची असेल. रणजितचेच जाड ओठ.

रणजित पायरीवरून उठून जवळ आला. त्याने फोटोला हात लावला नाही.

"हीच?"

"हीच," शालनबाई म्हणाल्या. "सुभद्रा."

 मी माझ्या धंद्यातलं बोलून गेले. म्हटलं, "आम्हाला फक्त ही कड पुरेल. तुम्ही दोघं दिसणार नाही. तुमचा भाग कापून टाकू आम्ही."

"कापायचा न्हाई," शालनबाई म्हणाल्या.

"अहो, पण तुमचा चेहरा…"

"माझा चेहरा बघा की नीट. मी कुठं बघाय लागलेय?"

मी पाहिलं. नवरी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मान पूर्ण वळवून ती कडेच्या त्या बत्तीवालीकडे बघत होती. आणि बत्तीवालीच्या मागे, गर्दीतून वर आलेला एक हात होता, नाचणाऱ्या माणसाचा.

"ह्यो हात आमच्या दिराचा, जयसिंगचा. पिऊन नाचत होता. दोनदा तिच्या अंगावर आपटला. मला वाटत होतं, आता ही पडंल. म्हणून तिकडं बघत होते. नव्या नवरीनं ओरडायचं कसं? तोंड उघडलं न्हाई मी."

"शालन, बास," संपतराव उभे राहिले. "जयसिंगाला औंदा तिकीट मिळायचंय. डोकं फिरलंय का तुझं?"

"तिसऱ्यांदा आपटला तवा बत्ती तिच्या अंगावर पडली," शालनबाई रणजितकडे बघत म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पदर पेटला. मामंजींनी सांगितलं, वरात थांबवायची न्हाई, अपशकुन हुतो. चार माणसांनी तिला घोंगड्यात गुंडाळून मागं नेलं. बँड म्होरं हुता. त्यो वाजतच हुता."

"आबा वाजवत होते?" रणजितने विचारलं.

"त्याला काय ठावं? देवळापाशी वरात टेकली तवा कळलं त्याला. दुसऱ्या दिवशी मामंजींनी बोलावून सांगितलं, बत्ती तुझी, तीच खराब हुती म्हणून भडकली, पोलीस तुलाच धरतील. त्यापरीस घरात स्टो भडकला म्हण. आणि त्यानं म्हटलं."

संपतरावांनी अल्बम ओढायला हात पुढे केला. शालनबाईंनी त्याआधीच फोटो चारही कोपऱ्यांतून सोडवला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"ह्यो फोटो माझ्या माहेरचा. फोटोवाला माझ्या भावानं आणलेला. मी देते. पण कापायचा न्हाई. मी बघत हुते, हे दिसलं पायजे."

"फाटक लाव रे!" संपतराव अंगणात ओरडले.

ट्रॅक्टरपाशी बसलेले दोन गडी उठले आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. फोटो मी पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लागेना. रणजितच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्याने एक पाऊल जरी त्या गड्यांकडे टाकलं असतं, तर पुढे काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही.

शालनबाई त्याच्या पुढे झाल्या. अनवाणी पायांनी पायऱ्या उतरल्या, अंगण ओलांडून थेट फाटकाशी गेल्या. गडी त्यांच्याकडे बघत, मग मागे गॅलरीत उभ्या मालकाकडे बघत. ऊन डोक्यावर होतं, फरशी तापलेली होती. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, पदर घट्ट धरून. मागे वळून बघितलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी दोघांतल्या म्हाताऱ्या गड्याने मान खाली घातली आणि कडी काढली.

आम्ही बाहेर पडल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्ही येताय का आमच्याबरोबर?"

"कुठं जाऊ?" त्या म्हणाल्या. "माझं घर हाय हे." आणि आत वळल्या.

मुंबईत पोचायच्या आधीच सबनीसांना फोन गेला होता. कुठल्याशा पक्षाच्या माणसाचा. धमकी नव्हती म्हणे, काळजीचा सूर होता. सबनीस भित्रे नव्हते, पण हिशोबी होते. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "नवरीची परवानगी आहे, ठीक. पण ही बत्तीवाली मेलेली आहे. उद्या तिच्याच नवऱ्याने 'माझ्या बायकोचा फोटो का छापला' म्हणून केस केली तर? ती करायला लावतील हे लोक. तिच्या नवऱ्याची सही आणा. नाहीतर सोमवारी कोट."

"मुलाची चालणार नाही?"

"नवऱ्याची. बाप-लेकाचं बोलणं बंद आहे, हे सगळ्या जगाला माहीत आहे."

त्या दोन दिवसांत मी नवा डमी केला. फोटो कापायचा नव्हता, म्हणून मी त्याला घड्या घातल्या. लांब पट्टी, तीन घड्यांची. बंद असताना वर दिसते ती फक्त उजवी कड: बत्ती आणि सुभद्रा. नाव नाही, गॉगल नाही, रणजितचा चेहरा कुठेच नाही. पहिली घडी उघडली की नाचणारा हात. दुसरी उघडली की नवरी, तिची वळलेली मान. शेवटी जीप, नवरदेव, आणि पुढे लाल कोटांच्या पाठी. जे आधी बघायला हवं होतं ते आधी, बाकीचं मागून. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत साधं काम, आणि त्यात मी सुचवलेलं असं काही नव्हतंच. रणजितने तो डमी उघडला, मिटला, आणि म्हणाला, "चला. आबांकडं."

पुढचं आधीच सांगून टाकते. 'वरात' त्याच कव्हरने निघाला. कंपनीने थोड्याच प्रती काढल्या, जाहिरात जवळजवळ केलीच नाही. स्टेजवर कोट फाडायचं त्याने सोडलं म्हणून रणजितचे कितीतरी चाहते चिडले. तो मवाळ झाला, विकला गेला, असं लिहून आलं. जयसिंगरावांना त्या वर्षी तिकीट मिळालं नाही. ते या कव्हरमुळे की दुसऱ्या कशामुळे, मला माहीत नाही. शालनबाईंना मी एक प्रत पाठवली. मिळाली, एवढाच त्यांचा फोन आला. मागे कुणीतरी बोलत होतं, म्हणून त्यांनी लगेच ठेवला.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दुपारी आम्ही धोंडीराम जावीरांच्या दारात उभे होतो तेव्हा यातलं काहीच घडलेलं नव्हतं.

दोन खोल्यांचं घर. दम्यामुळे त्यांनी वाजवणं सोडलं होतं, ट्रम्पेट खुंटीला होती. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"काय, कोट आणलायस होय शिवायला?"

"न्हाई, आबा."

"मग?"

रणजितने डमी त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हाताऱ्याने आधी तो दूर धरला, मग जवळ. चष्मा शोधला, लावला. 

"कुठनं आणलीस हिला?"

"शालनबाईंनी दिली."

त्यांनी घडी उघडली नाही. त्यांना बाकी काही बघायचं नव्हतं. अंगठा ते बत्तीवर फिरवत होते, चेहऱ्यावर नाही.

"तुमी वाजवत होता तवा," रणजित म्हणाला. इतकी वर्षं दात आवळून तो काय गात होता, ते मला त्या चार शब्दांत ऐकू आलं. "मला स्टो म्हणून सांगितलंत. त्या लोकांना भ्यालात."

"त्यांस्नी मी भ्यालो न्हाई," धोंडीराम म्हणाले. "भ्यालो असतो तर बरं झालं असतं." ते थांबले, श्वास घेतला. "बत्ती मी भरली हुती. त्या दिशी हवा राहीना तिच्यात. ती म्हणाली, आवो, लई पंप मारू नका. मी मारला. वर आणखी मारला. वरात मोठ्याची हुती, उजेड कमी पडाय नको. म्हणून फुटली. संपतरावचा बा म्हणाला, बत्ती तुझी. खोटं काय हुतं त्यात? पोराला काय सांगू? तुझी आय मी जाळली म्हणून सांगू?"

रणजित उभ्याचा खाली बसला, जमिनीवर, खाटेशी.

"आबा, बत्ती फुटली न्हाई."

म्हाताऱ्याने ऐकलं नसावं.

"आबा. ती फुटली न्हाई. पाडली. ही घडी उघडा." त्यांच्या बोटांना जमेना, तेव्हा त्यानेच उघडली. "ह्यो हात बघा. जयसिंगचा. पिऊन नाचत होता. दोनदा आपटला तिच्यावर. तिसऱ्यांदा बत्ती पडली. ही नवरी बघत होती. ही बघा, इकडंच बघाय लागलीय. तिनं स्वतः सांगितलं मला. ह्या ताई होत्या तिथं."

धोंडीरामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. 

"पडली?"

"धक्का लागून पडली. पंपाचं काय न्हाई त्यात. तुमचं काय न्हाई."

"बाई म्हणाली?"

"बाई म्हणाली."

त्यांनी चष्मा काढून खाटेवर ठेवला. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. सहीचा कागद माझ्या पर्समध्ये होता. तो काढायचं मला सुचलं नाही, सही पुढे संध्याकाळी झाली. त्यांनी रणजितचा दंड धरला, पडणारा माणूस धरतो तसा.

"पुन्यांदा सांग."

रणजितने सांगितलं. पहिल्यापासून. वरात कुठून निघाली, जीप कुठे होती, हात कुणाचा, नवरी काय म्हणाली. म्हातारा एकेका शब्दाला मान हलवत होता. सांगून झालं.

"आणि एकदा," ते म्हणाले.

रणजित खाटेला आणखी टेकून बसला आणि त्याने परत सुरुवात केली.